हजाराला जागा नव्हती

"होऽऽऽ झिबलभाऊ! डोंगा आनाऽऽ! गाडीचा टाइम होऊन राह्यला नाऽऽ!"

वैनगंगेच्या पलीकडच्या थडीवर एक पोरगी उभी राहून ओरडत होती. पोळा होऊन पंधरवडा झाला होता, नदी अजून दोन्ही काठ धरून होती, त्यामुळे पलीकडचा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसायचा. पण आवाज पाण्यावरून घसरत येतो आणि थेट कानात शिरतो. मी तो ऐकला. माझ्याभोवती जमलेल्या वीस-पंचवीस लोकांनी ऐकला. आणि ज्याला हाक मारली होती त्या झिबलभाऊनेही ऐकला, कारण झिबल ढिवराचे कान असे, की पलीकडच्या गावात कोणी शिंकलं तर सर्दी कोणाच्या घरी आली ते हा इकडून सांगायचा. तो माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. दोन्ही अंगठे माझ्या व्हिडिओ गेमच्या बटणांवर, आणि काचेवर आकडा होता नऊशे बारा.

ओरडणारी पोरगी म्हणजे सुजाता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता चंद्रपूरला तिची नर्सच्या ट्रेनिंगची मुलाखत होती. चंद्रपूरकडे जाणारी एसटी आमच्या थडीवरून बारा वाजता सुटायची, दिवसाला एकच. नदी ओलांडायला डोंगा एकच. डोंगेवाला एकच. आणि त्या डोंगेवाल्याला खेळायला बसवणारा नगही सगळ्या नदीकाठावर एकच. तो मी.

संपादकांचं पत्र आलं, की तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. सांगून सांगून त्यांची कड झिजली, तेवढीच माझीही झिजली. पण नऊशे बाराच्या पुढची गोष्ट मी कधी पुरी सांगितली नाही. नेहमी थोडी आधी थांबायचो, लोक हसून घ्यायचे, मी चहा सांगायचो. आता पाठ टेकली की उठवत नाही, डोळे आकडे दाखवतात पण दोन-दोन, तेव्हा एकदाची पुरी सांगून टाकतो.

त्यासाठी आधी धंदा समजून घ्यावा लागेल. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मी मूळचा घड्याळजी. बसस्टँडबाहेर काचेची पेटी, डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. हातात घड्याळ घेतलं की मालकाची चाल ओळखायचो. पाटलाचं घड्याळ नेहमी पुढे, मास्तरांचं मागे, आणि सासुरवाडीला निघालेल्या जावयाचं बंद. मग बाजारात आकड्यांची घड्याळं आली. बिनचावीची, बिनकाट्याची, आत बटणाएवढा एक सेल. ती बिघडली की लोक फेकून द्यायचे. माझ्या पेटीवर माशा बसू लागल्या. त्या माशासुद्धा काही दिवसांनी कंटाळून शेजारच्या जिलेबीवाल्याकडे गेल्या.

नागपूरला ज्याच्याकडून मी घड्याळाचे सुटे भाग आणायचो, त्याने एकदा पेटीतून पाच चपट्या डब्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. तळहातात मावणाऱ्या. वर राखाडी काच, दोन्ही बाजूंना एकेक बटण. म्हणाला, "घेऊन जा. घड्याळच आहे, पण लोक याच्याकडे जास्त वेळ पाहतात."

खोटं नव्हतं. खेळ बंद असला की त्या काचेवर वेळ दिसायची. सुरू केला की इवलीशी काळी माणसं उमटायची. मी पहिल्याच दिवशी पाठीमागचं झाकण उघडून पाहिलं. आत हलणारं काही नाही. वरून खाली येणाऱ्या माणसाची सहा-सात चित्रं काचेत आधीच बसवलेली. एक विझतं, त्याच्या खालचं उमटतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, पडला, पडला! त्या विझण्या-उमटण्यावर मी पुढची तीन वर्षं पोट भरलं.

एक फळी घेतली. तिला पाच खिळे ठोकले. प्रत्येक गेम नायलॉनच्या दोरीने खिळ्याला बांधला, म्हणजे खेळणारा उठून गेला तरी गेम जाणार नाही. मध्ये गजराचं घड्याळ. चार आण्याला पाच मिनिटं. माझी पाच मिनिटं मी स्वतः जुळवलेली होती, त्यामुळे ती जरा लवकर व्हायची. घड्याळजीचा तेवढा हक्क असतो. आरमोरीचा बाजार, सिंदेवाहीचा बाजार, दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा. जिथे माणसं वाट बघत बसलेली असतात तिथे फळी टाकायची. या धंद्याचं बियाणं म्हणजे ताटकळणारा माणूस. ज्याला काम आहे तो चार आणे देत नाही. ज्याची गाडी यायची आहे, ज्याचा साहेब यायचा आहे, ज्याचे पाहुणे यायचे आहेत, तो देतो. आणि मग गाडी येते, साहेब येतो, पाहुणे येतात, जेवतात, निघूनही जातात, आणि हा तिथेच असतो.

एकदा सिंदेवाहीच्या बाजारात एक गडी बकरी विकायला घेऊन आला. बकरी माझ्या फळीच्या पायाला बांधली आणि म्हणाला, "पाचच मिनटं." तो उठला तेव्हा बकरी व्याली होती. दोन पिल्लं. त्याने पिल्लांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे कोनाचे गा?" हे मी शपथेवर सांगायचो. आता शपथ घ्यायचाही कंटाळा येतो, पण एक पिल्लू तर नक्की होतं.

एका शाळेचे हेडमास्तर होते. पोरं कशात वेळ घालवतात याची पाहणी करायला आले. पाहणी पंधरा दिवस चालली. शेवटी त्यांची बायको स्वतः जेवणाचा डबा घेऊन फळीपाशी आली, डबा त्यांच्यासमोर आदळला आणि मला म्हणाली, "भाऊ, यायले आता तुमच्या घरीच ठेवून घ्या. अंथरून-पांघरून धाडून देतो."

असं हसत-खिदळत चाललं होतं. मग मला घाटाची अक्कल सुचली.

घाटाचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत आणि मला ओळखतात. चंद्रपूरकडची एसटी अकराच्या सुमाराला तिथे येऊन थांबायची, कारण पुढे सडकच नव्हती, नदी होती. उतारू डोंग्याने पलीकडे जायचे, पलीकडचे इकडे यायचे, आणि बाराला गाडी परत फिरायची. काठावर एक मोठं येनाचं झाड. सावलीत वाट बघणारी माणसं. मी ती जागा पाहिली आणि मला वाटलं, आपण आजवर उगाच बाजार धुंडाळत फिरलो.

झिबलभाऊ तेव्हा पन्नाशीचा असेल. काळा, हाडकुळा, खांदे मात्र बैलाचे. उतारूंकडून तो पैसे घेत नसे. दोन्ही थडीची गावं खळ्यावरून त्याला सालाचं धान द्यायची, त्याच्या बापालाही द्यायची. त्या बदल्यात एक कायदा होता. लिहिलेला नव्हता, पण पक्का. पलीकडून कोणी हाक मारली की झिबलने इकडून "होऽऽ" करून ओ द्यायची. एकदा ओ दिली की डोंगा सुटलाच पाहिजे. जेवत असो, तापाने फणफणलेला असो, ओ दिली म्हणजे निघाला. पलीकडच्या माणसाने मग दुसरी हाक मारायची नाही, खाली बसायचं, बिडी काढायची. ती ओ म्हणजे त्याचं अर्धं पोचणंच.

मी पहिल्या दिवशी फळी टाकली तेव्हा झिबल लांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी जवळ आला. माझ्याकडे एक पुराचा खेळ होता. घराच्या छपरावर माणसं अडकलेली. ती एकेक करून खाली उड्या मारतात. खाली एक नाव, ती बटणाने डावी-उजवीकडे न्यायची आणि माणसाला झेलायचं. चुकलं की माणूस पाण्यात. तीन गेली की खेळ संपला. झिबलने थोडा वेळ पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा डोंगा आडवा कसा चालते गा? आडवा डोंगा चालते का कुठी?"

"खेळ आहे, भाऊ."

"खेळ असला म्हून काय झालं? बुडवते तो सारे."

आणि हातात घेतला. फुकटच दिला मी. एका डोंगेवाल्याकडून काय घ्यायचं, असं तेव्हा मनात होतं, अगदी खरं. पहिल्या झटक्यात तीन माणसं गेली. झिबलने मान खाली घातली. चेष्टा नाही, खरीच माणसं गेल्यासारखी घातली. "पुन्ना लाव," म्हणाला.

त्या दिवशी डोंगा अर्धा तास उशिरा सुटला. त्या अर्ध्या तासात माझे बाकीचे चारही गेम एक क्षण रिकामे राहिले नाहीत. संध्याकाळी फळी गुंडाळताना माझ्या डोक्यात दिवा लागला. हा माणूस जितका वेळ इथे बसेल, तितका वेळ सगळे बसतील.

तेव्हापासून मी झिबलभाऊचा जिवलग झालो. तो आला की त्याच्यासाठी सावलीतली जागा पुसायची, पुराचा गेम दुसऱ्याच्या हातातून काढून त्याला द्यायचा, सेल मंदावला तर नवा घालायचा. गजर त्याच्यासाठी लावायचा नाही. उतारू कुरकुरायचे, "चाल ना गा झिबल, ऊन झालं." पण कुरकुरणाऱ्याच्या हातातही गेम असायचा, आणि त्याचीही दोन मिनिटं उरलेली असायची. कोणाची भाजी आंबली, कोणाचा तलाठी निघून गेला, कोणाची कोंबडी पिशवीत गुदमरली. एवढ्यावर निभावत होतं.

महिन्याभराने झिबलचा हात असा बसला की आकडा चारशे, पाचशे जायचा. आणि तेव्हाच तो कंटाळला. एक दिवस गेम खाली ठेवून म्हणाला, "याचा शेवट कुठी हाये गा?"

"कसला शेवट?"

"लोकं किती हायेत घरावर? किती काढले म्हंजे सरते?"

मी म्हणालो, "भाऊ, खेळ आहे. चालतच राहतो."

"मंग काय फायदा?" झिबलने नदीकडे पाहिलं. "माह्या कामाचं तेच होते. सकारी नेले, संध्याकारी तेच लोकं वापस. बापानं नेले, म्या नेले. कोनाले एकदाचं पोचवलं, आता राह्यलं नाई कोनी, असं एक दिवस बी नाई झालं. त्याच्यापक्षा आपला खरा डोंगा बरा. निदान आडवा तरी नाई चालत, सरका चालते."

आणि उठला. उठून निघाला. माझ्या फळीवरून, माझ्या सावलीतून, माझ्या अर्ध्या-अर्ध्या तासांतून उठून निघाला.

मी मागून म्हणालो, "हजार."

तो थांबला.

"हजार झाले की संपतं. घर रिकामं. मग वाजतं ते, टिणटिणटिण."

"खरं?"

"मी घड्याळजी आहे, भाऊ. मागचं झाकण उघडून बघितलंय."

झाकण मी उघडून बघितलं होतं, हे खरं होतं. त्या काचेवर आकड्याला तीनच घरं आहेत, हेही मला दिसलं होतं. नऊशे नव्याण्णव मावतात. हजाराला जागाच नाही. त्यापुढे काय होत असेल, हे ज्याने आयुष्यभर घड्याळं उघडली त्याला कोणी सांगायला नको. बारानंतर काय होतं? पुन्हा एक.

झिबल येऊन बसला.

त्याच आठवड्यात सुजाता पत्र घेऊन आली. पलीकडच्या बौद्धपुऱ्यातली, विसाच्या आतली, बोलायला फटकळ. बाप तिच्यासोबत होता. त्याला घाटावर दिसेल त्याला पत्र दाखवायचं होतं. मला भिंगवाला म्हणून जास्त शहाणा समजत, म्हणून पत्र माझ्या हातात आलं. मी मोठ्याने वाचलं. सोमवार, सकाळी दहा, मूळ दाखले सोबत, उशिरा येणाऱ्यांचा विचार केला जाणार नाही.

"म्हंजे इतवारच्याच गाडीनं जा लागन," सुजाता म्हणाली. "झिबलभाऊ, ऐकून राह्यले ना? इतवारी मी अकराच्या सुमाराले थडीवर राहीन. नाईतर बसान तुमी त्या डबीले चिपकून."

झिबल हसला. "आवाज दे ना बाई. तुह्या आवाजावर नाई आलो असं झालं का कधी?"

"पाहजा हं."

"पाहजा काय? तुले पाळण्यात नेली होती म्या, तुह्या मायच्या मांडीवर. तवापासून आवाज वळखतो."

हे मी ऐकलं. वाचलंही मीच होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला कुठूनही फट नाही.

रविवारी मी झिबलच्या गेममध्ये नवा सेल घातला. साडेदहाच्या सुमाराला तो बसला, "एक डाव, मंग चाललो." पण त्या दिवशी त्याचा हात काही औरच चालत होता. माणसं पडत होती आणि तो झेलत होता. दोन एका वेळी पडली तरी दोन्ही झेलत होता. पाचशे गेले, सहाशे गेले, एकही चूक नाही. अकराला एसटी आली, उतारू उतरले आणि डोंग्याकडे जायच्या ऐवजी झिबलभोवती उभे राहिले. कोणीतरी ओरडलं, "सातशे!" मी म्हणालो, "हजाराला संपतं." मग काय! सगळा घाट गोळा झाला. पिशव्या खाली ठेवल्या गेल्या. एक म्हातारी काहीच दिसत नव्हतं तरी दोघांच्या खांद्यावर हात ठेवून टाचा उंचावत होती.

आणि तेव्हा पहिली हाक आली.

"होऽऽ झिबलभाऊ!"

झिबलचे कान हलले. खरंच हलले, मी पाहिले. तोंड उघडलं, ओ द्यायला श्वास भरला आणि तसाच धरून ठेवला. ओ दिली असती तर निघावं लागलं असतं. म्हणून त्याने ओ दिली नाही.

"अजून टाइम हाये," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "थोडेकच राह्यले. काढूनच जातो."

हाका येत राहिल्या. दर हाकेला त्याचा गळा वर-खाली व्हायचा. नऊशे बारा. नऊशे चाळीस. आता घाटावर कोणी श्वास घेत नव्हतं. एसटीचा कंडक्टर गाडीच्या दारात उभा राहून मला विचारत होता, "ओ घड्याळवाले! पल्याड कोनी हाये का जी गाडीचं?" ड्रायव्हरला आदल्याच आठवड्यात उशिराबद्दल वरून ताकीद आली होती, तो इंजिन सुरू करून बसलेला. नदीकडे तोंड करून बसलेला मी एकटा, म्हणून कंडक्टरने मलाच विचारलं. त्याच वेळी गर्दी ओरडली, "नऊशे पंच्याऐंशी!" मी कंडक्टरकडे बघून हात हलवला.

थांबा म्हणून हलवला होता, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो.

गाडी गेली. धूळ आमच्या अंगावरून गेली. त्या धुळीतच नऊशे अठ्ठ्याण्णव झाले, नऊशे नव्याण्णव झाले, आणि एक माणूस छपरावरून निघाला. झिबलने नाव सरकवली. झेलला.

काचेवर शून्य आलं.

टिणटिण वाजलं नाही. घर रिकामं झालं नाही. छपरावर पुन्हा पहिला माणूस उभा राहिला आणि सुरुवातीला पडतात तसा सावकाश पडायला लागला. झिबलच्या अंगठ्यांना ते कळलं नव्हतं. शून्यानंतरही त्याने सात-आठ माणसं वाचवली. मग थांबला. पुढचा माणूस पाण्यात पडला, त्याच्या पुढचाही पडला. तो बघत राहिला.

"हे काऊन?" त्याने विचारलं.

"हजाराला जागा नाही त्यात," मी म्हणालो. "तीनच आकडे."

"तुले मालूम होतं?"

माझ्या आयुष्यात मी एवढ्या थापा मारल्या, बकऱ्या व्यायला लावल्या, पण त्या क्षणी एवढासा शब्द तोंडातून निघायला किती वेळ लागला! "नाही," मी म्हणालो.

झिबलने गेम फळीवर पालथा ठेवला. अगदी हळू. माझ्या चुकीच्या घड्याळात तेव्हा सव्वाबारा झाले होते, म्हणजे खरे तेवढे नसतील, पण गाडी गेली होती हे खरं. आता पलीकडून हाकही येत नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढी ती पोरगी खाली बसली होती. झिबल उठला, घाट उतरला, पाण्याशी उभा राहिला आणि तोंडावर हात धरून ओरडला, "होऽऽऽ!"

ती ओ ऐकून गर्दी पांगली. कोणी कोणाकडे बघेना. उतारू चुपचाप डोंग्यात जाऊन बसले.

डोंगा परतला तेव्हा सुजाता काठ चढून वर आली. हातात कापडी पिशवी, दाखल्यांची गुंडाळी पदरात. नवं पातळ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. गाडीच्या जागी चाकांच्या खुणा होत्या. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं मला.

"हेच का ते?" तिने फळीवरचा तो गेम उलटा केला. खेळ बंद पडून काचेवर वेळ आलेली होती. तिने ती वाचली.

"याच्यात तर टाइम बी दिसते," ती म्हणाली.

झिबलने डोंगा खुंट्याला बांधला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि खांद्यावर टाकली. "चाल बाई. डांबरी सडकेपर्यंत पायी जाऊ. तिथून बांबूचे ट्रक जाते चंद्रपूरले." सडक पाच कोस. दोघं निघाले. तो पुढे, ती मागे. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

पुढचे दोन दिवस डोंगा खुंट्याला बांधलेला राहिला. घाटाच्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. पलीकडून हाका यायच्या. "होऽऽ झिबलभाऊऽ!" पहिल्या दिवशी दहा-बारा, दुसऱ्या दिवशी किती ते मोजवलं नाही. उतारू गाडीतून उतरायचे, डोंगा रिकामा बघायचे आणि त्याच गाडीने परत जायचे. वाट बघणारी माणसं म्हणजे माझं बियाणं, म्हणालो ना? ती तिथे होती आणि मला फळी उघडता येत नव्हती. मी येनाच्या झाडाला पाठ लावून बसून राहिलो. वल्हं मला मारता येत नाही. पण त्या हाकांना नुसती ओ तरी द्यावी, असं दोनदा मनात आलं. दोनदा तोंड उघडलं. मग आठवलं, की ओ दिली तर निघावं लागतं.

घरी का गेलो नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कळून घ्यायचं होतं, एवढंच.

तो धंदा मी त्याच साली सोडला. पुन्हा घड्याळांकडे गेलो. मग रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, जे बिघडेल ते. बकरीची गोष्ट तेवढी घेऊन आलो. आता नातू दिवसभर मोबाइलवर काहीतरी खेळत असतो. त्याला मी काही बोलत नाही. बोलायला गेलं की तो म्हणतो, "आबा, हे संपणारच आहे, शेवटची लेव्हल." मी विचारतो, "कोणी सांगितलं?" तेव्हा तो वर बघत नाही.

त्या घाटावर तिसऱ्या दिवशी दुपारी झिबल चालत आला. एकटा. पाय सुजलेले. खांद्यावर पिशवी नव्हती. तो सरळ डोंग्याकडे गेला, आत साचलेलं पाणी डब्याने उपसायला लागला. मी काठावर उभा राहिलो. मग पाणी उपसता-उपसता, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगतोय तसं म्हणाला, की ट्रक मिळाला, पण जंगलाच्या नाक्यावर दिवस बुडाल्यावर बांबूची गाडी सोडत नाहीत. सकाळी सोडली. चंद्रपूरला पोचेपर्यंत बारा वाजून गेले.

"मग?" मी विचारलं. "आत घेतलं का तिला? काय म्हणाले?"

झिबलने डबा खाली ठेवला आणि वल्हं उचललं.

"तीनदा नाव पुकारलं म्हने सकारी," तो म्हणाला. "कोनं ओ नाई देली."